कुणाला काय द्यावं

‘एखादी चांगली कादंबरी सांग ना,’ असं कुणी म्हटलं की मी आधी माणूस बघतो. वाचनाची सवय सुटलेल्याला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. छोटीशी, माणदेशातल्या धनगरवस्तीवर आलेला तरुण मास्तर, आणि उगाच उमाळे नाहीत. ‘कोसला’ मी शक्यतो विशीतल्यांनाच देतो. चाळिशीनंतर पहिल्यांदा वाचणारे पांडुरंग सांगवीकरवर नुसते वैतागतात. पण अगदी आग्रहाने हातात ठेवावी अशी एकच, विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. १९३९ सालची. युरोपातून निघालेली बोट, चक्रधर, नाझी जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा, आणि मुंबई जवळ येईल तशी वाढणारी घुसमट. प्रेमकथा म्हणून मात्र मी ती कुणाला सुचवत नाही. ‘ययाति’? ती लोक आपणहून वाचतातच.