शेतकऱ्याचे नाव

दिवाळीला परभणीला घरी गेलो होतो. सोयाबीन खरेदीच्या नोंदणीचं जे सॉफ्टवेअर आमची पुण्यातली टीम सांभाळते, ते वापरणारं एक केंद्र घरापासून जवळच आहे. ‘काही नावं सापडत नाहीत’ अशी तक्रार तिथून दोनदा आली होती. दोन्ही वेळा मी ‘माझ्याकडे सापडतंय’ असं लिहून ती बंद केली होती. म्हटलं, एकदा जाऊन बघू.

खिडकीपुढे एक काका उभे होते. जिंतूर तालुक्यातून एसटीने आलेले. आडनाव कुऱ्हाडे. ऑपरेटर ताईंनी नाव टाकलं आणि स्क्रीनवर आलं : नोंद सापडली नाही.

“काका, तुमचं नावच न्हाई दाखवायलंय.”

“आसं कसं? पोरानं मोबाईलवर भरलंय की. मेसेज बी आलाय.”

मेसेजमधला नोंदणी क्रमांक टाकला तेव्हा नोंद उघडली. नाव होतं कुर्हाडे. ऱ्हा नाही, हा वर रफार. काकांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, “हे आमचं आडनाव न्हाई.” सातबाऱ्यावरचं नाव आणि नोंदीतलं नाव जुळेना, म्हणून त्या दिवशी त्यांचा नंबर गेला. ताई म्हणाल्या, पोरानं चुकीचं टाकलं असेल. मी गप्प बसलो. चूक कुणाची, याचा मला अंदाज यायला लागला होता.

हे नीट सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. रेगेक्स म्हणजे मजकूर शोधायचा साचा. ‘गोपा, मग ल किंवा ळ, आणि शेवट’ असा साचा लिहिला की गोपाल आणि गोपाळ दोन्ही मिळायला हवेत. मी कामाला लागलो तेव्हा आमचा डेटाबेस मायएसक्यूएल ५.७ होता आणि या साच्याला दोघांपैकी एकही सापडत नव्हता. कारण त्याचं रेगेक्स अक्षरं बघतच नव्हतं, बाइट बघत होतं. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. चौकटी कंसात ‘ल किंवा ळ’ लिहिलं की ते त्यांतला एकच बाइट उचलायचं, आणि पुढे शब्द संपलेला नसायचा. उलट कंसात नुसता ळ टाकून शोधलं, तर देवनागरीतलं प्रत्येक नाव समोर यायचं, कारण ळ चा पहिला बाइट देवनागरीच्या सगळ्याच चिन्हांचा पहिला बाइट आहे. २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीत मायएसक्यूएलने ते इंजिनच बदललं आणि युनिकोड समजणारं आयसीयू घेतलं. आम्हीही ८.० वर गेलो. मला वाटलं, सुटलो.

मग नावात भलतंसलतं येऊ नये म्हणून मी साचा लिहिला : अ ते ज्ञ. इंग्रजीत ए ते झेड, तसं आपलं अ ते ज्ञ. शाळेच्या भिंतीवरचा तक्ता तिथेच संपतो ना! पण युनिकोडच्या रांगेत मूळ व्यंजनं ह वर संपतात आणि ज्ञ नावाचं वेगळं चिन्हच नाही. तो ज, पाय मोडायची खूण आणि ञ अशा तीन तुकड्यांचा बनतो. त्यामुळे रेगेक्सने वाचलं : अ ते ज, शिवाय पायमोड, शिवाय ञ. माझं स्वतःचं ‘परभणी’ त्यात बसेना. प, र, भ, ण सगळे ज च्या पुढचे, आणि वेलांटी तर कुठेच नाही.

ते लगेच लक्षात आलं म्हणून निभावलं. दुरुस्ती करताना मात्र मी खरी चूक केली. युनिकोडने देवनागरीला १२८ जागांचा एक डबा दिला आहे. मी ठरवलं, डब्यातलं सगळं चालेल. मोकळी जागा सोडली तर डब्याबाहेरचं सगळं गाळून टाक. इमोजी गेले, इंग्रजी अक्षरं गेली. कोड छान दिसत होता.

आता कुऱ्हाडे यांच्या नावातला तो आडवा र बघा. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ हे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साधा र, पायमोड आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर नावाचं अजिबात न दिसणारं चिन्ह. युनिकोडच्या २.० आवृत्तीपासूनची ही पद्धत मानकात अजून चालते. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. काही कीबोर्ड असं लिहितात, काही तसं. आणि तो जॉइनर देवनागरीच्या डब्यात नाही. मुलाने मोबाईलवर आडनाव बरोबरच लिहिलं होतं. माझ्या गाळणीने जॉइनर काढला आणि उरलेला र उडी मारून हा च्या डोक्यावर जाऊन बसला. पुण्यात मी तपासायला ऱ चीच कळ दाबायचो, म्हणून ‘माझ्याकडे सापडतंय’.

कोड दुरुस्त करायला एक ओळ लागली : गाळणीच्या आधी र, पायमोड आणि जॉइनर दिसले की त्याचा ऱ आणि पायमोड करायचा. युनिकोडचं नॉर्मलायझेशन हे दोन प्रकार एक करत नाही, म्हणून ती ओळ आपणच लिहावी लागते. अवघड होत्या त्या बिघडून बसलेल्या नोंदी. सरसकट सगळे रफार उलटे फिरवले असते तर आचार्य आडनावाचे लोक आचारी झाले असते. आचार्याला आणि आचाऱ्याला यांतला फरक मीच फेकून दिला होता, तो आता कोणताही साचा परत आणू शकत नव्हता. शेवटी र्य आणि र्ह असलेली नावं काढली, आणि सुट्टीचे उरलेले दिवस ताई आणि मी एकेकाला फोन लावत बसलो. “काका, सातबाऱ्यावर कसं लिहिलंय, तेवढं बघून सांगा.”

माझ्या तपासणीच्या यादीत जिल्ह्यातले नऊच्या नऊ तालुके होते : परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पालम, पूर्णा. एकातही ऱ् नाही. पण ज्या फॉर्मवर मी एवढे दिवस काम करत होतो, त्याच्या पहिल्याच रकान्यावर लिहिलं होतं : शेतकऱ्याचे नाव.

कुऱ्हाडे काका आठवड्याने परत आले. पुन्हा एसटीने. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत वाचलं.

“हां, हे आमचं,” म्हणाले, आणि पोत्यांचं बघायला बाहेर गेले.