आधी विचारल्याशिवाय न बोलणारा पाहुणा

वाचकहो, तुमच्या घरात कपाटाच्या एखाद्या खणात, जुन्या बॅटऱ्या आणि गंजलेल्या किल्ल्यांच्या सोबतीला, अंगठ्याएवढे एक डोंगल पडलेले असेल. पंधराएक वर्षांपूर्वी मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाने ते आणलेले असावयाचे. त्याच्या पोटात सिमकार्ड घालायचे, ते संगणकाला खोचायचे, की इंटरनेट सुरू. पुढे मोबाईलवरच सगळे भागू लागले आणि डोंगले खणात जाऊन बसली. आमचेही तसेच बसले होते. आता ते आमच्या पडवीत पावसाची खबर द्यायच्या कामाला लागले आहे. त्याला कामाला जुंपताना आमच्या मुलीला जी खटपट करावी लागली, ती आज तुम्हांला सांगतो.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या अंगाला. धाकटी बहीण महाडच्या बाजारपेठेत दिलेली. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री आमच्याकडून खाली उतरते आणि बहिणीच्या दारापाशी जाते. तिथे गांधारीही येऊन मिळते. खाडीला भरती असली तर पाणी लवकर ओसरत नाही. म्हणजे आमच्याकडे पडलेला पाऊस काही तासांनी तिच्या उंबऱ्याशी जायचा, असा हा हिशेब आहे.

२२ जुलै २०२१ चा दिवस या भागात कोणी विसरणार नाही. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९ सेंटिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती. बहिणीच्या दुकानातला तांदूळ, डाळी, साखर, सगळ्याचा लगदा झाला. माणसे वाचली हे नशीब. आठ दिवसांनी चिखल उपसताना ती म्हणाली, "दादा, तुझ्याकडे वर किती कोसळतोय एवढं दोन तास आधी कळलं असतं, तर निम्म्या गोणी तरी माळ्यावर चढवल्या असत्या."

तिचे म्हणणे साधे होते. पण रात्री दोन वाजता उठून पाऊस मोजणार कोण? मुलीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही झोपा. मोजायचं काम यंत्र करील."

मोजण्याचा भाग सोपा निघाला. पर्जन्यमापकाच्या आत दोन लहान डोण्या तराजूसारख्या जोडलेल्या असतात. एक भरली की कलंडते आणि दुसरी पाण्याखाली येते. आमच्याकडच्या मापकात एकदा कलंडणे म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. प्रत्येक वेळी लोहचुंबक एका बटणासमोरून जातो आणि मोजणी एकाने वाढते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे दहा हजार लिटर पाणी. मग डोंगरच्या डोंगर भिजले की नदीत काय येत असेल, ते तुम्हीच बघा.

मोजणी ठेवायला तिने रास्पबेरी पाय पिको नावाची पट्टी आणली. २०२१ च्या जानेवारीत ती बाजारात आली. चार-पाचशे रुपयांच्या आत मिळते, लांबी बोटाएवढी. तिच्यावर मायक्रोकंट्रोलर असतो, म्हणजे एका चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. दिलेले एकच काम तो रात्रंदिवस करीत राहतो. मोबाईलवरून चालू होणाऱ्या पंपाच्या स्टार्टरमध्ये याचाच भाऊबंद बसलेला असतो.

आता पिकोने मोजले, पण महाडला कळवायचे कसे? तिथे डोंगल आठवले. एसएमएस पाठवायला त्याला इंटरनेट लागत नाही. तुम्ही म्हणाल, संदेश पाठवणारा तयार भाग बाजारात मिळतो, मग हा खटाटोप कशाला? मीही तेच विचारले. उत्तर मिळाले, "डोंगल घरात आहे, आणि मला हे शिकायचंय." दुसरे कारणच खरे होते.

यूएसबीची रीत अशी आहे, की जोडलेल्या दोघांत एक यजमान असतो आणि दुसरा पाहुणा. वडोदऱ्यात शिकलेले अजय भट्ट अमेरिकेत इंटेल कंपनीत असताना त्यांच्या पुढाकाराने ही पद्धत आकाराला आली. सात कंपन्यांनी मिळून जानेवारी १९९६ मध्ये तिचा पहिला नियमग्रंथ काढला. त्यातला मुख्य नियम ऐका. पाहुणा स्वतःहून कधीच बोलत नाही. यजमानाने विचारले तरच उत्तर द्यायचे. सांगण्यासारखे काही नसेल तर "आत्ता नाही" एवढेच म्हणायचे, मग यजमानाने पुन्हा विचारायचे. संगणक हा जन्माचा यजमान. मायक्रोकंट्रोलर बहुधा पाहुणाच असतो. पिकोला यजमानकी जमते. पण कोणत्या पाहुण्याशी कसे बोलायचे, तो रिवाज लिहून द्यावा लागतो. त्या रिवाजालाच ड्रायव्हर म्हणतात. गाडी हाकणाऱ्याचा इथे संबंध नाही, बरे का.

डोंगल खोचले की त्याच्या आतला एक रोधक तारेवरची वीज वर ओढतो. त्यावरून यजमानाला कळते, कोणीतरी आले. यजमान तार थोडा वेळ दाबून धरतो, म्हणजे पाहुणा शुद्धीवर येतो. त्या वेळी पाहुण्याचा नंबर शून्य. मग विचारपूस सुरू. तू कोण, कोणत्या कंपनीचा, एका वेळी किती अक्षरे झेपतील? १८ बाइटांचे उत्तर येते. त्यानंतर यजमान त्याला १ ते १२७ यांतला एक नंबर देतो. घरी आलेल्या नवख्याला आपण ओटीवर बसवून गाव-नाव विचारतो, अगदी तसेच. ही विचारपूस करणारा मजकूर तयार मिळतो. मुलीने तो फुकट घेतला.

घोडे पुढे अडले. डोंगलने सांगितले, मी सीडीची तबकडी आहे! आमची ही चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "एवढासा जीव, आणि वेषांतर करून आलाय." तसेच होते ते. जुन्या काळी ग्राहकाच्या संगणकावर सॉफ्टवेअर बसवायला वेगळी तबकडी लागू नये, म्हणून कंपन्यांनी ते डोंगलच्या पोटातच ठेवले होते. खोचले की ते आधी तबकडीचे सोंग घेते. ३१ बाइटांचा एक ठराविक निरोप मिळाला की सोंग टाकते, क्षणभर नाहीसे होते आणि मोडेम होऊन परत येते. कोणत्या डोंगलला कोणता निरोप लागतो, याची यादी योसुआ डीत्से नावाच्या गृहस्थाच्या यूएसबी मोडस्विच या कार्यक्रमासोबत सगळ्यांसाठी खुली आहे. आमच्या डोंगलचा निरोप तिथे सापडला. अशा अनोळखी माणसांच्या जिवावर किती कामे चालतात!

परत आलेल्या मोडेमने आपली जात "कंपनीची खासगी" अशी सांगितली. म्हणून तयार ड्रायव्हर त्याला ओळखीना. इथून पुढचा मजकूर मुलीलाच लिहावा लागला. कोणत्या दाराने बोलायचे, कोणत्या दाराने ऐकायचे, हे तिने एकेक दार ठोठावून शोधले. मोडेमशी बोलायची भाषा मात्र १९८१ पासूनची जुनी. आपण "एटी" म्हणायचे, त्याने "ओके" म्हणायचे. मुलगी "एटी" पाठवी, आणि पलीकडून काही येईना. आठ दिवस गेले. भाताची लावणी चालू होती. दिवसभर ती आमच्याबरोबर चिखलात असे आणि रात्री पट्टीपुढे बसे.

कारण असे निघाले. यूएसबीत एकामागून एक जाणाऱ्या पुड्यांवर आळीपाळीने दोन खुणा असतात. एक पांढऱ्या दोऱ्याचा, पुढचा तांबड्या दोऱ्याचा असे समजा. लागोपाठ दोन पांढरे आले तर घेणारा समजतो, मागचाच पुन्हा आला. तो पोच देतो आणि पुडा टाकून देतो. सोंग टाकून आलेले डोंगल नव्याने पांढऱ्यापासून सुरू होत होते. पिको मात्र जुन्या ओळखीवर तांबड्याची वाट बघत होता. "ओके" येत होते, पण केरात जात होते. मुलीने ओळख नव्याने झाली की खूणही पांढऱ्यावर आणायची, अशी एक ओळ घातली. पडद्यावर "ओके" उमटले तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. तिने मला उठवले. मला त्यातले काय कळणार? पण तिचा चेहरा बघितला आणि चहा टाकला.

एवढ्यावर भागले नाही. संदेश पाठवताना डोंगल क्षणभर खूप वीज ओढते. मोटर सुरू होताना घरातले दिवे मंद होतात ना, तसे होऊन पिको बेशुद्ध पडे. पंपाला असतो तसा कंडेन्सर, पण छोटा, लावल्यावर ते थांबले. दुसरी अडचण जास्त नाजूक होती. पिको डोंगलच्या उत्तराची वाट बघत बसला, की तेवढ्यात कलंडलेल्या डोण्या मोजायच्या राहून जात. तांब्याने पाणी ओतून बघितले तेव्हा हे ध्यानात आले. जोराच्या पावसातच मोजणी कमी भरणार, तर यंत्राचा उपयोग काय? म्हणून तिने ड्रायव्हर असा बदलला, की विचारायचे आणि लगेच आपल्या कामाला लागायचे. डोणी कलंडली तर हातातले सगळे सोडून आधी ती मोजायची. माझ्या मते सगळ्या खटाटोपातले हे सर्वांत शहाणपणाचे काम.

आता तीन तासांत १०० मिलिमीटर पडला की बहिणीच्या आणि शेजारच्या चार दुकानदारांच्या फोनवर संदेश जातो. हा सरकारी इशारा नव्हे, आणि हवामान खात्याचा इशारा आला की आमच्या संदेशाची वाट बघत बसू नये, हे आम्ही त्यांना बजावले आहे. टॉवर बंद पडला तर डोंगलही मुके होते. म्हणून दर सहा तासांनी "ठीक आहे" असा एक संदेश जातो. तो आला नाही, तरी बहीण गोणी चढवायला घेते. एकदा नुसता रिचार्ज संपला होता, आणि तिने अर्धे दुकान माळ्यावर नेले. आम्हांला वाटले, रागावेल. ती म्हणाली, "चढवलेलं उतरवता येतं, दादा."

हल्ली तिचे नवे मागणे आहे. संदेशात भरतीची वेळही हवी. कोकणात ती तिथीवरून तोंडी काढणारी माणसे अजून आहेत. मुलगी म्हणते, आत्याच्या या कामाला ड्रायव्हर लागायचा नाही, नुसता गुणाकार लागेल.