मुल्ला दोप्याजाचा कोंबडा

आमच्या शाळेच्या दप्तरात दोन अकबर असत. एक इतिहासाच्या पुस्तकातला. त्याचा राज्यकाल १५५६ ते १६०५, त्याची जमीनमहसूल पद्धत, त्याचे धार्मिक धोरण, सगळे मुद्देसूद. दुसरा चार आण्यांच्या पातळ पुस्तिकेतला. हा सकाळी उठल्यापासून दरबाऱ्यांना विचित्र प्रश्न विचारी आणि संध्याकाळपर्यंत बिरबलाकडून निरुत्तर होई. पहिल्या अकबरासाठी मार्क मिळत, दुसऱ्यासाठी मार मिळे. कारण ती पुस्तिका आम्ही भूगोलाच्या तासाला नकाशाआड धरून वाचत असू. तरी खरे सांगायचे तर पहिला अकबर परीक्षा झाली की विसरून जाई. दुसरा अजून आमच्या सोबत आहे.

हे दिवस मोहोळचे. सोलापूर-पुणे रस्त्यावरचे, पंढरपूरच्या वाटेचे आमचे गाव. नागनाथाच्या यात्रेत एक पुस्तकवाला गोणपाटावर दुकान मांडी. पोथ्या, आरत्या, पाककृती आणि त्यांच्या शेजारी अकबर-बिरबलाच्या चातुर्यकथा. अब्बा पाळण्यासाठी म्हणून जे पैसे देत, त्यांत आम्ही बादशहा विकत घेत असू.

शाळेत इतिहासाचा तास आम्हाला जड जाई. अफजलखानाचा धडा आला की वर्गातली चाळीस-पन्नास डोकी एकदम मागे वळत. आम्ही शेवटच्या बाकावर बसत असू. कोणाच्या मनात वैर होते असे आम्हाला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. पोरेच ती. पण मधल्या सुट्टीत आमचे नाव 'खान' पडे आणि कोणीतरी पेन्सिलची वाघनखे करून अंगावर येई. खान कुठले, आम्ही तांबोळी! आमच्या सात पिढ्यांनी अडकित्त्याखेरीज दुसरे हत्यार हाती धरले नव्हते. पण हे सांगायचे कोणाला? आम्ही घरी आलो की मुकाट्याने पाने पुसायला बसत असू.

मात्र गुरुजींचा मूड चांगला असला, पावसाने वर्ग अर्धा रिकामा असला की ते बिरबलाची गोष्ट सांगत. बादशहाची फजिती झाली की सारा वर्ग हसे. आम्हीही खदाखदा हसत असू. आणि त्या हसण्यात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. तेव्हा कोणीही मागे वळून पाहत नसे. बादशहा तोच, मुसलमानच. पण त्याच्या फजितीचा जाब आमच्याकडे कोणी मागत नसे. तख्तावरचा माणूस हसण्याजोगा झाला की तो कोणाचाच वाडवडील राहत नाही. आम्हाला विनोदाची गोडी लागली ती अशी. सुटका झाल्यासारखी.

घरी वेगळाच मामला होता. आमची दादी बिरबलाचे नाव निघाले की नाक मुरडी. तिच्या दरबारात नायक होता मुल्ला दोप्याजा. दुप्पट कांदा घातलेल्या मटणाच्या आवडीवरून त्याला हे नाव पडले म्हणतात. दादी सुपारी कातरता कातरता सांगे, "हौ रे, तेरा बीरबल क्या बोलेंगा? मुल्ला के सामने उसकी बोलतीच बंद होती थी. सुन."

मग ती अंड्यांची गोष्ट येई. बादशहा आणि बिरबल मुल्लाची गंमत करायची ठरवतात. साऱ्या दरबाऱ्यांच्या हाती गुपचूप एकेक अंडे देतात. मग बादशहा हुकूम करतो, हौदात बुडी मारा, जो इमानदार असेल त्याला तळाशी अंडे सापडेल. एकेक जण बुडी मारतो आणि हात उंचावून अंडे दाखवतो. मुल्लाची पाळी येते. तो बुडी मारतो, चाचपतो, काही सापडत नाही. वर येतो, डाव ओळखतो, काठावर उभा राहून दोन्ही हात फडफडवतो आणि कोंबड्यासारखा आरवतो. बादशहा विचारतो, हे काय? मुल्ला म्हणतो, खाविंद, एवढ्या कोंबड्यांत एखादा कोंबडा नको का?

इथे दादी स्वतः आरवे. पदर तोंडाला लावून, पण आरवे.

आम्ही ही गोष्ट दुसऱ्या दिवशी वर्गातल्या जिवलग मित्राला सांगितली. तो म्हणाला, "खुळा का तू? ही बिरबलाची गोष्ट आहे. आमचे आप्पा सांगतात. आरवतो तो बिरबल." झाले, जुंपली. नागनाथाच्या देवळामागे आम्ही दोघे बिरबल आणि मुल्ला यांच्या वतीने एकमेकांची सदरे धरून उभे. शेवटी बटण तुटले तेव्हा थांबलो. त्या वयात आम्हाला एवढेच कळले की हसवणाऱ्या गोष्टीतही नायक आपल्या घरचा लागतो.

पुढे वाचनाचा नाद वाढला आणि दोघांचीही हकीकत कळली. बिरबल खरा. मूळचा महेशदास, जन्म १५२८चा. अकबराचा लाडका दरबारी. पण तो मेला ते हजरजबाबीपणा करताना नव्हे, तर १५८६ साली स्वातच्या डोंगरात युसुफझाई पठाणांविरुद्धच्या मोहिमेत. त्याचे प्रेतही हाती लागले नाही. ती खबर ऐकून बादशहाने दोन दिवस अन्नाला स्पर्श केला नाही असे सांगतात. मुल्ला दोप्याजाचा मात्र पत्ता लागत नाही. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त दरबारची बारीकसारीक नोंद केली, अगदी मुदपाकखान्यातल्या पदार्थांचीसुद्धा. त्या यादीत दोप्याजा आहे, पण मुल्ला दरबारात नाही! दादीचा नायक बहुधा लोकांनीच शिजवलेला. आणि बिरबलाच्या म्हणून ज्या गोष्टी आम्ही वाचल्या, त्याही त्याच्या मरणानंतर किती तरी काळाने जमत गेलेल्या. बिरबल बाजी मारतो अशा पुस्तिका एकीकडे, मुल्ला त्याला पुरून उरतो अशा उर्दू लतीफ्यांच्या पुस्तिका दुसरीकडे. म्हणजे देवळामागची आमची मारामारी फार जुनी होती. आम्ही फक्त तिच्यात बटण गमावले.

पण खरी गंमत पुढेच होती. तीच अंड्यांची गोष्ट आम्हाला तुर्कस्तानच्या नसरुद्दीन होजाच्या नावावर भेटली. तिथे हौदाऐवजी हमाम, दरबाऱ्यांऐवजी खोडकर पोरे. आरवणारा होजा. म्हणजे आप्पाही खोटे नव्हते आणि दादीही. कोंबडा एकच होता, तो गावोगाव आरवत फिरला.

याच होजाची आणि तैमूरलंगाची एक गोष्ट आहे. दोघे हमामखान्यात बसलेले. तैमूर विचारतो, मला बाजारात विकायला काढले तर काय किंमत येईल? होजा म्हणतो, चाळीस नाणी. तैमूर खवळतो, अरे, माझ्या कमरेच्या पंचाचीच तेवढी किंमत आहे! होजा म्हणतो, तेवढीच धरली. आता होजा मानतात तेराव्या शतकातला आणि तैमूर वारला १४०५ साली. दोघांची गाठ पडणे शक्य नाही. पण ज्याच्या नावाने शहरे ओस पडली, त्याची किंमत एका पंचाइतकी करायला लोकांना कोणीतरी हवा होता. म्हणून त्यांनी होजाला कबरीतून उठवून हमामात नेऊन बसवले. तलवार हाती नसलेल्यांनी घेतलेला हा सूड आहे. त्यात रक्त सांडत नाही.

आमच्या तालुक्यातही असे एक ठिकाण आहे. भीमेच्या काठावरचे बेगमपूर. औरंगजेबाच्या कन्येची कबर तिथे आहे आणि तिच्यावरूनच गावाला हे नाव पडले असे सांगतात. नदीपलीकडे मंगळवेढा तालुक्यातले माचणूर आणि ब्रह्मपुरी. १६९५ ते १६९९ या काळात बादशहाची छावणी इथे होती. अर्ध्या हिंदुस्थानचा कारभार आमच्या भीमेच्या चिखलातून चालत होता म्हणा ना! माचणूरच्या सिद्धेश्वराच्या देवळाची कथा तिथले म्हातारे रंगवून सांगतात. बादशहाने कुचेष्टेने देवाला मांसाचा नैवेद्य पाठवला, वरचे फडके काढले तो आत पांढरी फुले. बादशहा वरमला आणि त्याने देवळाला वर्षासन बांधून दिले. आम्ही पहिल्यांदा ही कथा ऐकली तेव्हा सांगणारा म्हातारा शेवटी आमच्या टोपीकडे पाहून म्हणाला, "चुकला बिचारा, पण हिशोब चुकता केला बघा." आणि आम्ही दोघेही हसलो. पाहा, त्या कथेत बादशहाची खोड मोडली आहे, पण त्याला माणसात ठेवले आहे.

हा औरंगजेब आम्हाला पत्रांतही भेटला. मुलगा आझम याने आंबे पाठवले आणि त्यांना नावे द्या म्हणून विनंती केली, तर या कडक माणसाने नावे काढली 'सुधारस' आणि 'रसनाविलास'. संगीत बंद केल्यावर गवयांनी संगीताची तिरडी काढली, तेव्हा बादशहा म्हणाला की नीट खोल पुरा, पुन्हा आवाज येता कामा नये; अशीही कथा खाफीखान आणि मनुची सांगतात. तिचे खरेखोटे इतिहासकारांनी पाहावे. आमचे म्हणणे इतकेच की ही कथा ऐकून आम्हाला हसूही आले आणि त्या गवयांसाठी जीवही तुटला. कोणाची बाजू घ्यावी हे कोणी सांगावे लागले नाही.

पण सगळे हसणे सारखे नसते, हेही लिहिले पाहिजे. अलीकडे बादशहांवरचे विनोद आमच्या फोनवर सकाळ-संध्याकाळ येतात. त्यांत बादशहा नावाला असतो, रोख शेजारच्या गल्लीवर असतो. २०२५च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल पेटली, तेव्हा तर आम्हाला पुन्हा शेवटच्या बाकावर बसल्यासारखे झाले. चाळीस-पन्नास डोकी मागे वळली आहेत आणि आमच्या हाती अडकित्ता.

तेव्हा आम्हीही एक चूक केली, ती कबूल करतो. एका स्नेह्याने चहा पिता पिता आंब्यांच्या त्याच पत्रावरून बादशहाची साधीशी थट्टा केली. एरवी आम्हीच ती रंगवून सांगतो. त्या दिवशी मात्र आम्ही तडकून उठलो आणि चहा अर्धा टाकून घरी आलो. रात्री विचार केला, आम्हाला लागले काय? तीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची वकिली आम्ही कधीपासून पत्करली? दुसऱ्यांनी बळेच खांद्यावर ठेवलेला बादशहा आम्ही स्वतःच घट्ट धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही स्नेह्याकडे जाऊन चहा पुरा केला.

हे काही एकट्या आमच्या समाजाचे दुखणे नाही. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले तेव्हा नाना फडणवीसांच्या चित्रणावरून पुण्यात केवढे वादळ उठले होते! आपल्या माणसाची टवाळी सर्वांनाच बोचते. याउलट पुलंच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तले हरितात्या घ्या. शिवाजीमहाराजांच्या काळातली हकीकत ते असे सांगतात की जणू स्वतः तिथे उभे होते. आपण हसतो हरितात्यांना, आणि हसता हसता महाराज आपल्या अंगणात आलेले असतात. मान जराही कमी होत नाही. उलट शेवटी डोळे ओले होतात. आम्ही ते पुस्तक पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले, आमचे इतिहासाचे गुरुजी हरितात्या असते तर आम्ही पहिल्या बाकावर बसलो असतो.

आता शेवटची गोष्ट. आमचा नातू पाचवीत आहे. स्नेहसंमेलनात अकबर-बिरबलाची नाटुकली ठरली आणि बाईंनी न विचारताच अकबराची भूमिका त्याला दिली. वंशपरंपरेने म्हणा! तो घरी येऊन रुसला. आमच्या पोटात जुनी कळ उठली. आम्ही विचारले, "का रे, कोणी काही बोलले का?" तो म्हणाला, "नाही दादा. अकबराला कामच नाही. नुसतं बसायचं आणि चिडायचं. मला बिरबल पाहिजे." त्याने दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन हेच सांगितले. बाई हसल्या आणि भूमिका बदलल्या. आम्ही रात्रभर ज्याची काळजी केली, ते काम दोन मिनिटांत झाले.

अकबर झाला त्याचा दोस्त, गल्लीतल्या कासाराचा मुलगा. शेरवानी आमच्याकडूनच नेली. आमच्या धाकट्या चिरंजीवांच्या निकाहातली होती, टाचण्या मारून आखूड केली. नाटुकलीत अंड्यांचीच गोष्ट होती. आमचा नातू, म्हणजे बिरबल, निळ्या चादरीच्या हौदातून वर आला, हात फडफडवून असा काही आरवला की सभागृह डोक्यावर घेतले गेले. दादी असती तर म्हणाली असती की हा मुल्लाचा कोंबडा बिरबलाने चोरला. आम्ही काही बोललो नाही. आमच्या बाजूला बसलेले कासारमामा डोळे पुशीत म्हणाले, "तुमचं पोरगं लई बेरकी हो, आमच्या बादशाला पार येडा केला!"

दुसऱ्या दिवशी बादशहा शेरवानी परत करायला आला. एक बटण तुटलेले. आमच्या घरच्या मंडळींनी शेरवानी उलटसुलट पाहिली आणि फर्मान काढले, "अकबर बादशाह कू बोलो, बटन का पैसा बाकी है."

बादशहाने खिसे चाचपले, एक गोळी काढून दिली आणि आमच्या नातवाच्या गळ्यात हात टाकून खेळायला पळाला.