काशीचा मुक्काम : बिनतारीच्या मागावर

सोमवार

हावड्याहून निघालेल्या विभूती एक्स्प्रेसने सकाळी काशीला सोडलं. ब्रह्माघाटाजवळ मुक्काम. या भागात मराठी घरं पूर्वापार आहेत, त्यामुळे ‘चहा टाकू का?’ हा प्रश्न मराठीतच आला. एकदा घाटावर गेलो की लिहिणं राहून जाईल, म्हणून कोलकात्यात काय पाहिलं ते आधी लिहून काढतो.

तिथल्या बोस इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयात जगदीशचंद्र बोसांची उपकरणं मांडलेली आहेत. सगळा पसारा एका टेबलावर मावेल एवढाच. जवळपास पाच मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरी निर्माण करायच्या, नळीच्या कर्ण्यातून पुढे सोडायच्या आणि पलीकडे पकडायच्या, असा हा खटाटोप. साखरेचं द्रावण प्रकाशाला पीळ देतं, तसा पीळ या अदृश्य लहरींनाही देता येतो का, हे पाहायला त्यांनी चक्क तागाच्या धाग्यांचे पेड वळले. आणखी एका प्रयोगात तर ब्रॅडशॉचं रेल्वे टाइमटेबल घेऊन त्याच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घातला! आमच्यासारख्यांनी टाइमटेबल फक्त गाडी चुकवायला वापरलं.

१८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडच्या खोलीत घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोटही घडवला. मध्ये तार नव्हती. तिकडे मार्कोनी त्याच सुमारास इटलीत बिनतारी संदेशासाठी धडपडत होता. मात्र ‘रेडिओचे खरे जनक बोसच’ असं छाती फुगवून सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. या लहरींचं अस्तित्व हर्ट्झने १८८८ पर्यंत सिद्ध केलं होतं. संदेश दूरवर धाडण्याचा ध्यास मार्कोनीला होता, बोसांना नव्हता. त्यांना लहरींचा स्वभाव जाणून घ्यायचा होता. पेटंटचाही त्यांना तिटकारा. त्यांच्या स्नेही भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांनी भरीस घातलं म्हणून गॅलिना या खनिजाच्या लहरीग्राहकाच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९०४ साली अमेरिकेचं पेटंट मिळालं. पुढे घरोघर वाजलेल्या क्रिस्टल रेडिओची जात तीच.

मंगळवार

बनारस हिंदू विद्यापीठ. गोदौलियाहून विद्यापीठाजवळच्या लंका चौकापर्यंत ई-रिक्षा. वाटेतल्या गर्दीबद्दल न लिहिलेलंच बरं.

विद्यापीठाची पायाभरणी ४ फेब्रुवारी १९१६ ची. त्या सोहळ्यासाठी बोसही काशीत आले आणि बोलले. पण ६ तारखेला गांधीजींनी मंचावरच्या राजेरजवाड्यांना त्यांच्या दागिन्यांवरून असं काही सुनावलं, की त्या सप्ताहातलं बाकी सगळं झाकोळून गेलं. इथे ज्याला-त्याला गांधीजींचं ते भाषण ठाऊक; बोसांचं नाव काढलं की ‘झाडांना जीव असतो म्हणणारे ना?’ एवढंच. त्यात चूकही नाही. तोवर बोस लहरी सोडून वनस्पतींकडे वळले होते, आणि काशीतही ते सजीवांच्या संवेदनांबद्दलच बोलले.

बुधवार

काशी विद्यापीठ; कालच्यापेक्षा वेगळं. इथे शिकलेले आणि नंतर संस्कृत शिकवणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मूळचे पुण्याचे. १९५२ साली ते केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. म्हणजे एक गृहस्थ रेडिओ मागे टाकून काशीत आले, दुसरे काशी सोडून रेडिओत गेले!

केसकरांना त्या हट्टापायी अजूनही बोल लावले जातात. हट्ट होताच. पण शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि आकाशवाणीचं संगीत संमेलन हेही त्यांच्याच काळातलं. दरबार आटले, संस्थानं गेली, तेव्हा गवयांना-वादकांना या खात्याचा आधार झाला. बिस्मिल्ला खाँ याच गावचे. त्यांची सनई ज्यांनी कधी बैठकीत ऐकली नाही, त्यांनी ती सकाळी रेडिओवर ऐकली. महमूरगंजला आकाशवाणीचं वाराणसी केंद्र आहे. संध्याकाळी फाटकाबाहेरूनच पाहून परतलो.

उद्या सारनाथ. काशीला येताना कोलकात्यावरून येणार असाल, तर आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवरच्या बोस इन्स्टिट्यूटसाठी अर्धा दिवस राखून ठेवा, आणि संग्रहालय उघडं आहे ना, ते आधी विचारून घ्या.