चिल्ल्यापिल्ल्यांना घेऊन इमॅजिकाला

जत्रेतला पाळणा आणि थीम पार्क यांत एक मोठा फरक आहे, आणि लहान लेकरे बरोबर असली म्हणजे सहलीची सगळी आखणी त्या एका फरकावर उभी राहते. जत्रेत पाळण्यागणिक पैसे मोजायचे. लेकरू रडले, पेंगले, की त्याला कडेवर घ्यायचे आणि घरची वाट धरायची. ज्या पाळण्यात बसलोच नाही त्याचे पैसे कोणी मागत नाही. थीम पार्कला मात्र पैसे दारातच घेतात. आत पाच खेळ खेळा नाही तर पंचवीस, रक्कम तीच. मग मोठ्या माणसाच्या डोक्यात दिवसभर एकच चक्र फिरत राहते: वसूल झाले का, वसूल झाले का? शेतकऱ्याच्या डोक्यात ते जरा जास्तच फिरते. आणि दोन वर्षांच्या पोराला त्यातले काहीही कळत नाही. त्याला एकच्या ठोक्याला झोप येते म्हणजे येते.

2024 च्या नोव्हेंबरात आम्ही खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन आलो. मी, मुलगा, सून आणि तीन नातवंडे. थोरला सात वर्षांचा, मधली चार वर्षांची, आणि धाकटा दोन वर्षांना दोन महिने कमी. आमचे हे गायींपाशी घरीच राहिले. दोन वेळच्या धारा कोणाला चुकल्या आहेत? परत आल्यावर वाडीतल्या चार-पाच जणींनी विचारले की, एवढी लहान पोरे घेऊन तुमचे निभावले कसे? म्हणून हे लिहिते.

आधी खर्चाचे. तिकिटे, भाड्याची इको गाडी, एक मुक्काम आणि खाणेपिणे धरून मुलाने बेरीज केली आणि म्हणाला, "आई, एवढ्यात दोन एकरांची टोमॅटोची रोपे येतात." बेरीज बरोबर होती. पण माझ्यापाशी दुसरा हिशेब होता. सून आमच्या घरी येऊन आठ वर्षे झाली. माहेर, दवाखाना आणि लग्नकार्ये सोडली तर या आठ वर्षांत ती गावाबाहेर पडलेली नाही. खुडणीला तीच पुढे, क्रेट भरायला तीच पुढे. पोरांच्या निमित्ताने तिचाही एक दिवस निघावा, एवढेच माझ्या मनात होते. हे मी मुलाला त्या दिवशी बोलले नाही. वेळ आल्यावर बोलले.

ही उद्याने निघाली कशी, ते मागे एकदा वाचनात आले होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये वॉल्टर नॉट नावाचा एक शेतकरी होता. तो रस्त्याकडेला टपरी टाकून आपल्या मळ्यातली बेरी नावाची फळे विकायचा. 1934 साली त्याच्या बायकोने, कॉर्डेलियाने, येणाऱ्यांना कोंबडीचे जेवण करून वाढायला सुरुवात केली. जेवणाला अशी गर्दी लोटली की लोक ताटकळू लागले. मग थांबलेल्यांचे मन रमावे म्हणून नॉटने 1940 साली जुन्या काळातले एक गावच उभे करायला घेतले. त्याचे पुढे मोठे थीम पार्क झाले, आणि आजही त्याच्या नावात मळा आहे. तिथे वर्षानुवर्षे लोक फुकट आत येत. कुंपण घालून दारात पैसे घेणे सुरू झाले ते 1968 साली. त्याच्या जवळच 1955 साली डिस्नेलँड उघडले, तेही संत्र्याच्या बागा काढून. तिथेसुद्धा 1982 पर्यंत खेळागणिक तिकिटे होती, आपल्या जत्रेसारखी. तेव्हा दारातच सगळे पैसे घ्यायची रीत तशी अलीकडची.

आपल्याकडे मुंबईला गोराईचे एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये निघाले. माझ्या मुलाच्या वयाच्या पुष्कळांनी शाळेच्या सहलीत ते पाहिले असेल. ते 2022 मध्ये बंद झाले. इमॅजिका 2013 चे. खोपोलीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावर ते आहे, आणि 2022 पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे.

पाली म्हटल्यावर तुमच्या लक्षात आले असेल. आम्ही जुन्नर तालुक्यातले, ओझर आणि लेण्याद्री आमच्या घरचेच. त्यामुळे महडचा वरदविनायक वाटेवर असताना तसेच पुढे जाणे शक्य नव्हते. ते आमच्या पथ्यावर पडले. आदल्या दिवशी दुपारी निघालो, महडला दर्शन घेतले आणि खोपोलीत मुक्काम केला. काही जण पहाटे तीनला पोरांना उठवून निघतात, चार तास गाडीत घुसळतात आणि तसेच उद्यानाच्या दारात उभे करतात. मुक्कामाचे पैसे वाचतात खरे, पण पोरे खेळायच्या आधीच चुरगळून जातात. शिवाय बोरघाट आहे. आमच्या मधलीला गाडी लागते. तिला निघण्याआधी पोटभर दूध दिले नाही, कोरडी भाकरी आणि थोडा गूळ दिला, खिडकीशी बसवले आणि लोणावळ्याला अर्धा तास पाय मोकळे करू दिले. घाट नीट उतरली.

दिवस कोणता निवडायचा, हेही सांगते. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि शनिवार-रविवार टाळा. थोरल्याची शाळा दोन दिवस बुडाली, दुसरीतल्या पोराचे त्यात काही अडत नाही. पावसाळ्यात त्या भागात धो धो पाऊस असतो आणि एप्रिल-मेमध्ये लहान लेकराला ऊन सोसत नाही. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर आणि उन्हाळी कांद्याची लागण सुरू होण्याआधी आमच्याकडे थोडे दिवस मोकळे मिळतात, तेच धरले. तुमच्याकडे ऊस किंवा द्राक्षे असतील तर तुमची मोकळीक वेगळी. तिकिटाचे दर दिवसाप्रमाणे बदलतात, आधी नोंदवले तर पुष्कळदा कमी पडतात. त्या दिवशी उद्यान चालू आहे की नाही, हे मात्र निघण्यापूर्वी फोन करून विचारावे.

आता उंचीची गोष्ट. अशा ठिकाणी लेकराचे वय कमी आणि उंची जास्त पाहतात. तिकीटही उंचीवर आणि खेळात बसवायचे की नाही तेही उंचीवर. यात अडवणूक नाही. खेळाच्या खुर्चीत माणसाला धरून ठेवणारा जो दांडा असतो, तो ठरावीक मापाच्या अंगासाठी केलेला असतो. गोऱ्ह्याच्या मानेवर मोठ्या बैलाचे जू ठेवले तर ते बसेल का? तसेच ते. लहान अंग दांड्याखालून सरकू शकते, म्हणून सोडत नाहीत.

आमच्या थोरल्याने मोबाईलवर नायट्रोची चित्रफीत पाहून ठेवली होती. नायट्रो म्हणजे रुळांवरून उलटीपालटी पळणारी गाडी. त्याने महिनाभर तेच धरून ठेवले होते. मी आठ दिवस आधी त्याला दाराच्या चौकटीला टेकवून उभा केला आणि टेप लावला. 118 सेंटिमीटर. त्या गाडीला लागणारी उंची याहून पुष्कळ जास्त. तिथल्या तिथे त्याला सांगून टाकले की तुला त्यात बसता येणार नाही. एक संध्याकाळ रडला, जेवला नाही, आजोबांच्या मांडीवर झोपला. रडायचे ते घरी रडून झाले. रांगेच्या तोंडाशी, दोनशे माणसांत ते रडणे झाले असते तर सगळ्यांचाच दिवस नासला असता. मग कोणकोणत्या खेळांत त्याला बसता येईल ते आम्ही दोघांनी मिळून दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून काढले.

मधलीचे वेगळे. ती उंच झोक्याला भीत नाही, पण वाडीतला डीपी उडाला की त्या आवाजाने रात्र रात्र चिकटून बसते. म्हणून अंधारातले आणि मोठ्या आवाजाचे खेळ तिच्यासाठी आधीच काढून टाकले. प्रत्येक घरात अशी एकेकाची खोड असते. ती आईला आणि आजीला ठाऊक असते, आणि नियोजन तिच्यापासूनच करायचे असते.

त्याच कोऱ्या पानावर मी आणखी एक गोष्ट लिहिली होती: पाळ्या. सकाळी उद्यान उघडल्यापासून जेवणापर्यंत सगळे मिळून लहान मुलांचे खेळ. एक ते तीन धाकट्याची झोप. तो झोपला की मी त्याच्यापाशी बसणार, मुलगा थोरल्याला आणि मधलीला सांभाळणार, आणि सून एकटी मोठ्या खेळांना जाणार. ती आली की मुलगा जाणार. मुलगा म्हणाला, "अगं, ती बाळापाशी बसेल की. तिला कुठे हौस आहे?" तेव्हा मी बोलले. म्हटले, "तिला कोणी विचारलेच नाही तर हौस कळणार कशी?" तो गप्प झाला. सून भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही. पण निघायच्या दिवशी पाहिले तर तिने नवे बूट घातले होते, बंदाचे. ते तिने कधी आणले, मला ठाऊक नाही.

उद्यानाच्या दारात बाहेरचे खाणे नेऊ देत नाहीत. तान्ह्याच्या तोंडचे तेवढे सोडतात. आम्ही गाडीतच भाकरी, पिठले आणि चटणी खाऊन घेतली आणि मगच आत गेलो. धाकट्यापुरता मऊ खिचडीचा डबा घेतला. तिन्ही पोरांना एकाच रंगाचे, लांबून दिसणारे पिवळे सदरे घातले. प्रत्येकाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवली, आणि मधलीच्या हातावर तोच नंबर पेनाने लिहिला, कारण ती चिठ्ठ्या फाडते. चुकामूक झाली तर कुठे थांबायचे ते आत शिरल्याबरोबर बोट दाखवून ठरवले. जलसंजीवनीची पाकिटे ठेवली होती. ती पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात कालवायची, अंदाजाने नव्हे. दर तासाला तहान लागो न लागो, घोट घोट पाणी पाजले.

सकाळ चांगली गेली. लाकडी घोड्यांच्या पाळण्यात मधली चार वेळा बसली. मुलगा म्हणत होता, हे घोडे जत्रेतही असतात, दुसरे काही पाहू. मी म्हटले, तिला हेच पाहिजे तर हेच. टबी नावाच्या हत्तीच्या पाळण्यात बापलेक तिघे बसले. थोरल्याचे डोळे अधूनमधून नायट्रोच्या रुळांकडे जात, पण बोलला नाही.

बाराच्या पुढे धाकटा डोळे चोळू लागला. आम्ही पुतणीची बाबागाडी मागून आणली होती. सावलीची जागा पाहून, दुपटे पसरून त्याला निजवले. सून उभी राहिली, पुन्हा बसली. म्हणाली, "आई, एकटी जाऊ?" मी म्हटले, "अगं, त्या गाडीत तुझ्याबरोबर आणखी वीस-पंचवीस माणसे आहेत. जा." ती गेली. पाऊण तासाने आली तेव्हा केस सगळे सुटलेले, आवाज बसलेला, आणि हसू थांबेना. माझ्या शेजारी बसून ती नुसती हसत राहिली. आठ वर्षांत मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती. मग म्हणाली, "आणखी एकदा जाऊ का?" मुलाने आपली पाळी तिला दिली. हे मात्र पानावर लिहिलेले नव्हते.

मी त्या बाकावर दीड तास बसले. डिस्नेलँडची कल्पना वॉल्ट डिस्नेला अशाच एका बाकावर सुचली, असे तो सांगे. आपल्या मुलींना तो लॉस एंजेलिसच्या एका बागेत घोड्यांच्या पाळण्यावर न्यायचा, आणि स्वतः बाकावर बसून शेंगा खायचा. आईबापांनाही लेकरांबरोबर खेळता येईल अशी जागा का असू नये, असे त्याच्या मनात आले. मला बाकाचा काही कंटाळा आला नाही. घरी एवढा वेळ एका जागी कोण बसू देतो? पण माझी पाळीही लिहिलेली होती, आणि सुनेने ती मला सोडू दिली नाही. तीनच्या पुढे मी आणि मुलगा "आय फॉर इंडिया" पाहून आलो. मोठ्या पडद्यापुढे अधांतरी खुर्चीत बसवतात आणि देशावरून उडत गेल्यासारखे वाटते. पाय लोंबकळत होते. वरून शेते काय सुंदर दिसतात! त्यांत राबताना तसे कधी वाटत नाही.

साडेपाचला धाकट्याने भोकाड पसरले. संध्याकाळची मिरवणूक व्हायची होती, दोन-तीन मोठे खेळही राहिले होते. मुलाने घड्याळ पाहिले, तिकिटे ठेवलेला खिसा चाचपला, आणि माझ्याकडे पाहिले. मी काहीच म्हटले नाही. सुनेने धाकट्याला खांद्यावर टाकले आणि सरळ दाराकडे चालू लागली. मग आम्हीही निघालो. घाट चढेपर्यंत तिन्ही पोरे झोपली होती. थंडी वाजू लागली तेव्हा स्वेटर कामाला आले; तेवढे नोव्हेंबरात विसरू नका.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी कोणालाही कामाचा वायदा देऊ नये. आम्ही फवारणी परवावर टाकली होती आणि मजूर बायांना सुट्टी सांगून ठेवली होती. पोरे नऊपर्यंत उठली नाहीत. यांनी सकाळची धार काढून, चहा करून सुनेला हाक मारली, तेव्हा ती गोठ्याकडे जाताजाता त्यांना नायट्रो कशी उलटी होते ते हाताने करून दाखवत होती.