चार आणे हिस्सा

मुंतखब. निजामी राज्यात इनामाची चौकशी पुरी झाली की हातात पडायचा तो उर्दू कागद. साल फसली, त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतं. हे गणित तोंडी करणारे पटवारी गेले. मराठवाड्यातला शिरूर तालुका झाला १९९९ मध्ये, त्यामुळे जुनी नक्कल हवी तर ती कुठल्या दप्तरात सापडेल इथूनच सुरुवात. २०२३ मध्ये शिंदे समिती नेमली तेव्हा मराठवाड्यात पेट्यांतले कागद बाहेर निघाले खरे, पण कुणबी नोंद हुडकायला.

विरासत. इनामदार मेला म्हणून इनाम आपोआप पोरांचं होत नसे. सरकारात विरासत मंजूर व्हावी लागे; नाव एकाचं, बाकीचे हिस्सेदार. निजामी संपली १९४८ ला. पुढच्या साली जहागिऱ्या गेल्या, १९५४ च्या कायद्याने इनामं आणि देशमुख-देशपांड्यांचे रोख रुसूम. देवस्थानांची इनामं वगळली होती. त्यांच्यावरचे दावे अजून जिते आहेत.

पोळ्याचा मानाचा बैल, पाटलाचा. मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. मान कायद्यात नव्हताच, मग रद्द कोण करणार? आता बैलच उरले नाहीत.

विहिरीतला चार आणे हिस्सा. विहीर सोळा आणे. चार आण्यांच्या धन्याला चार दिवसांत एक दिवस पाणी. मोट गेली, इंजिन आलं, पाळी तीच राहिली. भाऊ भावाशी बोलत नसला तरी पाळीच्या दिवशी ‘सोडलं का?’ एवढं विचारावंच लागे. बोअरने तेवढंही मिटवलं. थारोळ्याचा दगड कुणाच्या तरी न्हाणीत आहे, सातबाऱ्यावर मात्र विहीर अजून सामाईक.

बहिणीची साडीचोळी. दिवाळीला लुगडं, जाताना पायलीभर बाजरी, की झाला तिचा वाटा! १९९४ च्या राज्याच्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः हक्क दिला. तेव्हापासून हक्कसोडपत्राला महत्त्व आलं. ऊसतोडीहून माणसं परतली की भाऊ गाडी करून बहिणीला नोंदणी कार्यालयात नेतो, सही घेतो, जेवू घालतो. लुगडं निदान दरसाल मिळत होतं.