मोतियाचे अत्तर

आपण उर्दूत ज्याला मोतिया म्हणतो, तोच मराठीतला मोगरा. इत्र म्हणजे अत्तर. धुळ्याच्या कडक उन्हाळ्यातही मोगरा बहरतो. त्याच्या कळ्या संध्याकाळी उमलू लागतात आणि खुडल्यावरही सुगंध देत राहतात.

अब्बांना मोतियाचेच अत्तर आवडे. ईदच्या सकाळी ते कापसाचा लहानसा फाया अत्तरात बुडवून कानात ठेवत. अगदी जवळ बसले, तरच वास येई. मी तेव्हा नववीत होतो. एवढ्याने काय होणार, असे वाटून मी निम्मी कुपी सदऱ्यावर ओतली. थोड्याच वेळात माझे डोके दुखू लागले! अब्बा रागावले नाहीत. आपल्या कानातला फाया काढून ते म्हणाले, "बेटा, आज तुझाच वास दोघांना पुरेल." ती कुपी घेण्यासाठी त्यांनी महिनाभर पैसे साठवले होते, हे मला पुढे अम्मींकडून कळले.

उत्तर प्रदेशातील कनौज अत्तरांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे तांब्याच्या देगीत फुले आणि पाणी तापवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात जाते. जुन्या रीतीप्रमाणे त्यात चंदनाचे तेल असते. ते फुलांचा सुगंध धरून ठेवते. तरीही मोगरा नाजूकच. तो आधी उडतो, चंदन मागे राहते.

अब्बा आता नाहीत. त्यांची रिकामी कुपी अम्मींच्या पेटीत आहे. गेल्या ईदला मी तिचे बूच काढले. मोगरा नव्हता, चंदनाचा मंद वास होता. अम्मींनी कुपी क्षणभर नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "बूच घट्ट लाव."